खतावणीवाचून कीर्द

सीमाभागातल्या जुन्या कागदांविषयी आमच्याकडे जो वाद चालतो, तो चुकीच्या जागी चालला आहे असं माझं मत आहे. एक पक्ष म्हणतो, घरातले, मंडळांतले, वाचनालयांतले सगळे कागद लवकरात लवकर स्कॅन करून क्लाउडवर चढवा, नाहीतर वाळवी आणि बेळगावचा पाऊस ते संपवतील. दुसरा म्हणतो, पणजोबांचा कागद अजून शाबूत आहे आणि पाच वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह उघडत नाही. मूळ कागद कापडात बांधून जपा, बाकीचा खर्च वाया. हल्ली तिसराही पक्ष आला आहे. त्याचं म्हणणं, एआय कशातूनही काहीही शोधून देतं, मग कागद लावत बसायचं कशाला? तिघांचंही भांडण कागद कुठे ठेवायचा यावर आहे. एका कागदातली माहिती दुसऱ्या कागदातल्या माहितीशी बांधायची कशी, हे कुणीच विचारत नाही. माझी भूमिका सरळ आहे. फाइल आणि फोल्डर ही घरच्या संगणकातली मांडणीच अपुरी आहे. माणूस, जमीन, गाव, घटना, तारीख हे सुटे घटक आणि त्यांच्यातले संबंध साठवणारी व्यवस्था प्रत्येक घरच्या संगणकात आणि फोनमध्ये यायला हवी. आणि तिची गरज बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी घराला जितकी आहे तितकी क्वचितच कुणाला असेल.

का, ते पाहा. इथल्या एखाद्या जुन्या शेतकरी घरात पणजोबांचा हिशेब मोडीत असतो, आजोबांचं वाटणीपत्र बाळबोध मराठीत, १९५६ नंतरचे उतारे कन्नडमध्ये आणि बँकेचे कागद इंग्रजीत. एकच माणूस एका कागदावर ‘मारुती बिन भरमू’, म्हणजे भरमूचा मुलगा मारुती, असतो, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाच्या नुसत्या आद्याक्षरानं येतो, तिसऱ्यावर आडनाव पुढे आणि नाव मागे. त्याची बायको ‘कोम मारुती’ म्हणून कुठेतरी कोपऱ्यात. मुलांनी या साऱ्याचे फोटो काढून एकमेकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेले असतात आणि फोनमध्ये त्यांची नावं ‘आयएमजी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक आकडा, एवढीच. आता घराला पडणारा प्रश्न काय असतो? ‘१९६२ चा कागद कुठे आहे’ हा नसतोच. प्रश्न असतो की पोटहिश्श्यातली ती बारा गुंठे आत्याच्या नावावरून काकांच्या नावावर कुठल्या कागदानं गेली, त्यावर साक्षीदार कोण होते, आणि त्या वेळी सोसायटीच्या कर्जाचा बोजा उतरला होता का. याचं उत्तर कुठल्याही एका फाइलीत नाही. ते चार कागदांच्या परस्परसंबंधात आहे. तो संबंध आपल्या संगणकात साठवायला जागाच नाही. तो कागद ‘जमीन’ या फोल्डरात ठेवावा, ‘आत्या’मध्ये, ‘सोसायटी’त की ‘कोर्टा’त? चारही ठिकाणी प्रती ठेवल्या, तर वर्षभरानं खरी प्रत कोणती हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्या पेढ्यांवर हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला होता. बेळगावच्या खडेबाजारातला व्यापारी दिवसभराचा व्यवहार घडेल त्या क्रमानं कीर्दीत लिहायचा आणि मग तीच नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. कीर्द सांगते काय घडलं. खतावणी सांगते कुणाचं कुणाशी काय आहे. खतावणीतल्या प्रत्येक ओळीपुढे कीर्दीचं पान लिहिलेलं असतं, म्हणजे शंका आली की मूळ नोंदीकडे जाता येतं. आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो नोंदींची कीर्द आहे आणि खतावणीचा पत्ता नाही. स्कॅन करा म्हणणारे ती कीर्द आणखी जाड करायला सांगतात, एवढंच.

फोल्डर हा काही निसर्गनियम नाही. १९६० च्या दशकात मोठ्या सामाईक संगणकांवर काम करणाऱ्या अभियंत्यांनी आपल्या सोयीसाठी एकात एक कप्पे अशी रचना केली, ती युनिक्स या संगणकप्रणालीत गेली आणि १९८३ मध्ये एमएस-डॉस २.० मधून टेबलावरच्या संगणकांत उतरली. त्याच्या कितीतरी आधी, जुलै १९४५ मध्ये, व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी शास्त्रज्ञानं ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती: एका माणसाचे सगळे कागद सूक्ष्मफितीवर, आणि एका कागदापासून दुसऱ्यापर्यंत त्यानं स्वतः जोडलेल्या वाटा. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवून तक्ते एकमेकांशी जोडण्याचं गणित दिलं. ते बँकांनी घेतलं, विमा कंपन्यांनी घेतलं, सरकारांनी घेतलं. कुठल्याही बँकेनं आपल्या खातेदाराला फोल्डरात कोंबलेलं नाही. मग जे बँकेच्या संगणकाला पन्नास वर्षांपूर्वी मिळालं, ते खातेदाराच्या संगणकाला अजून का मिळू नये?

याही आधी हा विचार आपल्याच देशात पूर्ण झाला होता. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध केली. तोवर रूढ असलेल्या पद्धतींत विषयांची यादी आधीच आखलेली असायची आणि पुस्तक त्यातल्या एका घरात बसवावं लागे. रंगनाथन यांनी विचारलं, विषय असा एकसंध असतो का? निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचं १९८१ चं आंदोलन घ्या. ते शेतीत ठेवायचं, व्यापारात, राजकारणात की बेळगाव जिल्ह्याच्या इतिहासात? त्यांचं उत्तर होतं, विषय पैलूंमध्ये फोडा: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. प्रत्येक पैलू वेगळा नोंदवा आणि मग हव्या त्या बाजूनं आत शिरा. ग्रंथपालांना हे गेली नव्वद वर्षं ठाऊक आहे. आपला महागडा लॅपटॉप अजून विचारतो, ‘कुठल्या फोल्डरात सेव्ह करू?’

सीमाभागात तर एकाच घराचा हट्ट धरणारी रचना पहिल्याच पावलाला अडखळते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड मात्र मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हैसूरचं कर्नाटक १९७३ मध्ये झालं, शहराचं अधिकृत नाव २०१४ मध्ये बदललं. चंदगडच्या एखाद्या घराचा १९४० चा कागद कुठल्या जिल्ह्याच्या फोल्डरात ठेवणार? बेळगाव म्हटलं तर आज चूक, कोल्हापूर म्हटलं तर तेव्हा चूक. संबंधांनी बांधलेल्या साठ्यात हा पेच उरतच नाही. तिथे गावाला एक कायमचा क्रमांक असतो. नावं ही त्या क्रमांकावर लावलेल्या पाट्या, मराठीत एक, कन्नडमध्ये एक, इंग्रजीत जुनी एक आणि नवी एक. ‘अमुक जिल्ह्यात आहे’ हे एक विधान, त्याला कधीपासून कधीपर्यंत हे जोडलेलं, आणि कशावरून म्हणता हेही जोडलेलं. २०१२ पासून चाललेला विकिडेटा हा विकिपीडियाच्या परिवारातला खुला माहितीसाठा नेमका असाच बांधला आहे, आणि तो चालवणारी बहुतेक मंडळी स्वयंसेवक आहेत. म्हणजे हे काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं नाही.

माणसांनाही हेच लागू. आजोबांना एक क्रमांक द्या. मग ‘मारुती बिन भरमू’ आणि आद्याक्षरांचं इंग्रजी नाव ही दोन्ही त्याच माणसाची आहेत असं एकदा, कारणासकट, नोंदवा. त्यानंतर आजोबांवर बोट ठेवलं की ते ज्या कागदांत घेणारे आहेत, देणारे आहेत, साक्षीदार आहेत ते सगळे समोर येतात, आणि ज्यांत ते फक्त चतुःसीमेत आहेत तेही. या शेवटच्या गोष्टीचं मोल ज्यानं जमिनीचा दावा जवळून पाहिला आहे त्याला सांगावं लागणार नाही. शेजाऱ्याच्या खरेदीपत्रात ‘पूर्वेस मारुती भरमू यांची जमीन’ असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडचा कागद हरवलेला असतो. तो शेजाऱ्याचा कागद आपल्या ‘जमीन’ फोल्डरात कधीच नसतो.

आता विरोधी बाजू. तिच्यातलं सगळ्यात भक्कम म्हणणं असं की हे करून पाहिलं गेलं आणि फसलं. खरं आहे. मायक्रोसॉफ्टनं २००३ मध्ये विनएफएस जाहीर केलं: फाइलींच्या जागी माणसं, निरोप, भेटी, कागद आणि त्यांचे संबंध साठवणारी व्यवस्था, थेट विंडोजच्या पोटात. जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी, हवा तेवढा पैसा, आणि २००६ मध्ये स्वतंत्र उत्पादन म्हणून ते सोडून द्यावं लागलं. सगळं वेब अर्थानं जोडण्याचं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं स्वप्नही मांडलं तसं उतरलं नाही. हा इतिहास झटकून टाकणारा माणूस प्रामाणिक नाही. पण तो काय सिद्ध करतो? एकाच कंपनीनं सगळ्या जगाच्या सगळ्या वस्तूंचा एकच साचा आधी आखायचा आणि मग सगळ्यांनी त्यात बसायचं, हा मार्ग फसला. कल्पना मात्र मागच्या दारानं आपल्या खिशात येऊन बसली आहे. तुमच्या फोनमधले संपर्क, फोटोंची सूची, व्हॉट्सअॅपचे निरोप हे सगळं आज फाइलींच्या ढिगात नसतं. ते एसक्यूलाइट या छोट्या, फुकट, कुणाच्याही मालकीचा नसलेल्या डेटाबेसमध्ये असतं. २००० साली आलेला हा डेटाबेस आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. रचनाबद्ध साठा घरगुती संगणकाला झेपत नाही हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. अडचण वेगळी आहे. संपर्कांच्या अॅपमधला ‘काका’ आणि फोटोंमधला ‘काका’ एकच माणूस आहे हे त्या दोन अॅपना माहीत नाही, आणि ते त्यांना सांगण्याची सोय तुम्हाला दिलेली नाही. प्रत्येक कंपनीनं आपापल्या कोठडीत डेटाबेस बांधला आणि कोठड्यांमधली दारं बुजवली.

दुसरा आक्षेप कामाचा. या नोंदी भरणार कोण? माणूस आळशी असतो, तपशील लिहीत नाही. गूगलनं १ एप्रिल २००४ ला जीमेल आणलं तेव्हा लावत बसू नका, शोधा, हाच त्याचा मंत्र होता, आणि तो लोकांना पटला. याच धाग्यावर एआयवाले पुढे गेले आहेत. त्यांचंही निम्मं मी मान्य करतो: आजची एआय साधनं हस्ताक्षर वाचतात, कन्नड उताऱ्याचा मराठीत गोषवारा देतात, आणि हे दहा वर्षांपूर्वी अशक्य होतं. पण शोध शब्दांवर चालतो. आमच्याकडची छापखान्यांची जुनी मराठी कामं युनिकोडपूर्व फाँटांत टाइप झालेली आहेत. पडद्यावर देवनागरी दिसते आणि आत इंग्रजी चिन्हांची खिचडी असते. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या मजकुराची गतही तीच. तिथे कुठला शब्द शोधणार? आणि एआयनं वाचून ‘ही जमीन १९६२ च्या बक्षीसपत्रानं काकांकडे गेली’ असं सांगितलं, तर नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयात, किंवा कोर्टात तुम्ही काय दाखवणार? कुठला कागद, कुठलं पान, कुणी पडताळलं, हे सगळं विधानाला चिकटलेलं नसेल तर त्या उत्तराची किंमत ऐकीव गोष्टीएवढी. उलट, भरणार कोण या प्रश्नाचं उत्तरच एआय आहे. त्यानं कागद वाचून संबंध सुचवावेत, घरातल्या माणसानं हो किंवा नाही म्हणावं, आणि हो म्हटलेलं कायम नोंदलं जावं. यंत्रानं आपोआप नोंदायचं हेही काही नवं नाही. फोटो काढताना वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती फोटोतच लिहिण्याचा एक्झिफ हा प्रघात १९९५ पासून आहे. कुणालाही काही भरावं लागत नाही. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या रीतीनं पाठवला की ती माहिती गळून पडते. आपण जोडलेली माहिती हातानं सोडवून एकमेकांना पाठवतो आहोत आणि वर म्हणतो, जोडायला वेळ कुणाकडे आहे?

मूळ कागद जपा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तो जपायलाच हवा. पण जपलेला कागद आपोआप बोलतो हा भ्रम आहे, आणि या मुलखानं त्याची किंमत एकदा मोजलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या काळात, १८५२ च्या कायद्यानं, इनाम कमिशननं दख्खन आणि दक्षिणी मराठा मुलखात इनामांची चौकशी केली. आजचा बेळगाव-धारवाडचा भाग त्यातच येत होता. सनद दाखवा, वहिवाट दाखवा, मूळ धन्यापासून आजच्या धन्यापर्यंतचा वारसा दाखवा. ज्यांना साखळी शाबीत करता आली नाही त्यांची इनामं खालसा झाली. नुसती सनद घरात असून भागत नव्हतं. सनदेवरच्या माणसापासून समोर उभ्या माणसापर्यंत प्रत्येक दुवा लागत होता. पुण्याच्या पेशवे दफ्तराचंही तेच. हजारो रुमालांत कागद बांधलेले होते, सुरक्षित होते, आणि तरी अभ्यासकांना ते खऱ्या अर्थानं हाती लागले ते इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० च्या दशकात निवड आणि मांडणी होऊन ४५ खंड निघाले तेव्हा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, आणि तो तंत्रज्ञानाचा नाही. जोडलेली माहिती ही सत्ता असते. कोण कुठल्या गावचा, घरात कुठली भाषा, कुणाची जमीन किती, सीमाप्रश्नाच्या १९५६ च्या किंवा १९८६ च्या आंदोलनात कोण होतं, हे सगळं एका ठिकाणी बांधलं तर ती यादी कुणाच्या हाती पडेल? सीमाभागातल्या माणसाला ही भीती शिकवावी लागत नाही. विखुरलेला कागद हे दुबळ्याचं संरक्षणही असतं, हे मी मान्य करतो. पण आज नेमकं कोण विखुरलेलं आहे? कर्नाटक सरकारनं भूमी प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी जमीन नोंदी संगणकावर आणल्या त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला. पुढे दस्त नोंदणीची कावेरी यंत्रणा भूमीशी जोडली गेली, म्हणजे खरेदी नोंदली की फेरफाराची प्रक्रिया तिथूनच सुरू होते. सरकारनं हे केलं ते योग्यच केलं. फेसबुकला तुमचे नातेवाईक कोण हे कळतं, गूगलला तुम्ही रोज कुठे जाता ते कळतं. सरकारकडे खतावणी आहे, कंपनीकडे खतावणी आहे. फक्त ज्याचं खातं आहे त्याच्याकडे सुटे कागद. उताऱ्यात आत्याचं नाव राहून गेलं तर ते दाखवून देण्यासाठी लागणारी साखळी घरात बांधलेली हवी, कारण समोरच्याकडची साखळी पूर्ण आहे आणि तिच्यात चूक आहे. म्हणून माझा आग्रह क्लाउडचा नाही. हा साठा घरच्या यंत्रावर असावा, दोन प्रती दोन घरांत असाव्यात, आणि कुठला संबंध कुणाला दिसावा हे घरानं ठरवावं. मंडळांनी आंदोलनातल्या हयात माणसांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय सामाईक साठ्यात घालूच नये.

राहता राहिला टिकाऊपणा. साधी मजकुराची फाइल चाळीस वर्षांनीही उघडते आणि डेटाबेस त्याच्या सॉफ्टवेअरबरोबर मरतो, अशी भीती घातली जाते. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती रास्त आहे, म्हणून तसं सॉफ्टवेअर घेऊ नये. वंशावळी साठवण्याचा जेडकॉम हा प्रघात १९८४ चा आहे. साधा मजकूरच, पण त्यात माणसं आणि नाती क्रमांकांनी जोडलेली, आणि आजही बहुतेक वंशावळ-सॉफ्टवेअर तो वाचतं. एसक्यूलाइटचा साठा अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत धरला आहे. याहून जास्त हमी तर पीडीएफचीही कुणी देत नाही.

तेव्हा पैसा आणि माणसं कुठे लावायची, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि तिथे आपला क्रम उलटा झाला आहे. आपण आधी स्कॅनर घेतो. कागद नीट ठेवला तर आणखी वीस वर्षांनीही स्कॅन करता येईल, बहुधा आजच्यापेक्षा चांगला आणि स्वस्त. पण फोटोत तिसऱ्या रांगेत उभा असलेला माणूस कोण, वाटणीपत्रातली ‘थोरली वाट’ म्हणजे आजचा कुठला सर्व्हे नंबर, ‘कोम’ लावून आलेली ही बाई माहेरची कुठली, हे सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. मोडी सहज वाचणारे तर बोटांवर मोजण्याएवढे. संबंध आधी नोंदवा, स्कॅनिंग मागून चालेल. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात, स्मरणिका निघतात, आजूबाजूच्या गावांतून जुनीजाणती माणसं येतात. तिथे एक टेबल या कामाला देता येईल. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय लागतोच, आणि मराठी व कन्नड दोन्ही वाचणारी मुलं इथल्याइतकी दुसरीकडे कुठे मिळणार? आणि ज्या मंडळांनी, वाचनालयांनी स्कॅनिंगचं काम आधीच बाहेर दिलं आहे, त्यांनी निदान तीन अटी त्यात घालून घ्याव्यात: प्रत्येक कागदाला कायमचा क्रमांक, त्यातल्या माणसांची आणि गावांची वेगळी सूची, आणि ती सूची कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात मंडळाच्या ताब्यात. पीडीएफने भरलेली हार्डडिस्क तेवढ्यावर स्वीकारू नये.